मुंग्या येईपर्यंत

दिग्रसला पांढरकर डॉक्टरांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा व्हरांड्यात एक बाई जात्यावर ज्वारी दळत होती. बाकावर चार पेशंट तिच्याकडे बघत निवांत बसले होते, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून, हातात घड्याळ घेऊन खुद्द डॉक्टर बसले होते. मी नागपूरला शिकून आलेली. स्वच्छता, शिस्त, कडक इस्त्रीची टोपी हे सगळं डोक्यात गच्च भरलेलं. दवाखान्यात पीठ उडताना बघून माझं टाळकंच सरकलं. मी नमस्कार केला, तर त्यांनी बोटानं गप्प राहायची खूण केली आणि त्या बाईला विचारलं, "मुंग्या आल्या का?"

"नाई अजून," बाई म्हणाली.

"मग दळ."

ही आमची पहिली भेट. महिनाभर राहायचं, पगार घ्यायचा आणि परत नागपूरची गाडी पकडायची, असं मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. पुढे नऊ वर्षं राहिले.

तसे ते सगळंच बघायचे. ताप, खोकला, बाळंतपणं, गळवं, विंचू. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते जुन्या दुखण्यासाठी. कुणाचा खांदा दोन वर्षं वर जात नाही, कुणाच्या कोपरात कळ येते ती बोटापर्यंत उतरते, कुणाचा पाय जखम भरून वर्ष झालं तरी टेकवत नाही. दात उपटायच्या आधी जे बधिर करायचं औषध देतात ना, प्रोकेन, तेच डॉक्टर अशा हातापायांत टोचायचे. जुन्या वणाभोवती, गाठीत, जिथे दुखण्याचा उगम असेल तिथे. म्हणून गावात त्यांना 'सुन्नवाला डॉक्टर' म्हणत. पुसदहून, दारव्ह्याहून, पार ढाणकीहून लोक एसटीनं यायचे आणि स्टँडवर उतरून विचारायचे, "सुन्नवाल्याचा दवाखाना कुठी हाय?" डॉक्टरांना हे नाव ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

हे ते लढाईत शिकले होते. ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्करी इस्पितळात होते. तिथलं बाकी काही सांगायचे नाहीत. एवढंच सांगायचे, की गोळी काढली, जखम भरली, तरी हात जळतोय म्हणून ओरडणारी पोरं तिथे त्यांनी पाहिली, आणि एका म्हाताऱ्या सर्जननं त्या पोरांना हे औषध टोचलेलं पाहिलं. औषधाचा असर तासाभराचा. पण आराम कधीकधी दिवसभर टिकायचा. मग दोन दिवस. मग आठवडा. असं का होतं, हे त्या सर्जनला नीट सांगता यायचं नाही आणि आमच्या डॉक्टरांनाही यायचं नाही. "दुखण्याला एक सवय लागलेली असते," ते म्हणायचे, "आपण तासभर ती मोडतो. त्या तासात माणसानं आपला हात परत ओळखून घ्यायचा."

म्हणून ते जातं. औषध दिलं की पेशंटला झोपवायचं नाही, कामाला लावायचं, ही त्यांची पद्धत. बायांना जातं. शेतकऱ्याला विळा आणि कडब्याची पेंढी. शिंप्याला कात्री. बाया घरून ज्वारी घेऊन यायच्या, खांदा बधिर झाला की दळायच्या आणि पीठ घेऊन घरी जायच्या. बाजारात यावर काय काय बोललं जायचं ते विचारू नका. डॉक्टरांच्या घरचं पीठ फुकटात निघतं, हे तर मी स्वतः कापडाच्या दुकानात ऐकलं आणि तिथल्या तिथे भांडून आले. परत येऊन तणतणत डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सुमनबाई, मी पोळी खातो. गहू आणायला सांगा उद्यापासून."

दिसायला उंच, पाठीत जरा वाकलेले. अंगात खादीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात लष्करातले बूट, त्यांना इतक्यांदा नवे तळ लागलेले, की मूळचं चामडं किती उरलं होतं देव जाणे. पत्नी मी येण्याआधीच गेलेल्या. मुलगी अमरावतीला दिलेली. चहा बशीत ओतायचे आणि विसरायचे. मग तोच गार चहा "वा, छान आहे" म्हणून प्यायचे. अजून एक खोड अशी, की सुई टोचताना ते स्वतःच "आई गं" म्हणायचे. पेशंटच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं. पेशंट दचकायचा, मग हसायचा, तोवर सुई आत गेलेली असायची. "तू कशाला ओरडतोस, मी ओरडतो ना," असं म्हणायचे. मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटायचा. पुढे मी टोचायला लागले तेव्हा माझ्याही तोंडून तेच यायला लागलं आणि आजही येतं.

तपासणीची रीत एकच. पेशंट बसला की म्हणायचे, "एका बोटानं दाखव." लोक सबंध तळहात फिरवून दाखवायचे, इथून इथवर सगळंच दुखतं म्हणायचे. डॉक्टर थांबायचे. "एका बोटानं." मग माणूस डोळे मिटून चाचपायचा आणि एका जागी बोट थांबायचं. तिथे डॉक्टर जांभळ्या औषधात बुडवलेल्या काडीनं ठिपका काढायचे. असे चार-पाच ठिपके झाले की आधी एक थेंब कातडीखाली देऊन बघायचे, माणसाला सोसतं का. थोडं थांबायचे आणि मग टोचायचे.

एक सून यायची, वीस-बावीस वर्षांची. सासू तिच्याबरोबर दोन पायल्या ज्वारी पाठवायची. तिला बोट ठेवायला सांगितलं की ते मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून मनगटावर फिरत राहायचं, थांबायचंच नाही. तिला डॉक्टरांनी कधी सुई दिली नाही. "बस तिकडे व्हरांड्यात, सावलीत," एवढंच म्हणायचे. ती दुपारभर बाकी बायांशी बोलत बसायची, थोडं दळायची, संध्याकाळी हसतमुखानं घरी जायची. मी म्हटलं, हिला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "जिचं दुखणं बोटाला सापडत नाही, तिला सुई नको, बसायला जागा पाहिजे." त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा आवडला, हे कबूल करायला हरकत नाही.

आणि सक्रूबाई. जवळच्या तांड्यावरची बंजारा बाई, पन्नाशीची, दंडभर पांढऱ्या बांगड्या आणि जीभ चांगलीच तिखट. उजवा खांदा धरलेला. पहिल्या खेपेला पाच ठिपके काढून टोचलं, आठवडा बरा गेला. पुढच्या खेपेला आली तर त्याच पाचही जागी हिरवं गोंदण. तिनं गोंदणारीण गाठून डॉक्टरांचे ठिपके पक्के करून घेतले होते. तिच्या लोकांत दुखऱ्या जागी गोंदून घ्यायची चाल होतीच, तिनं तेवढी दोन्ही औषधं एकत्र केली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हे काहून केलं, विचारलं, तर म्हणाली, "तू मेला त दुसऱ्या डाक्टरले जागा कशी सापडन?" डॉक्टर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पाच गोंदणांतली चार बरोबर जागी होती. पाचवं थोडं सरकलं होतं, ते मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही.

आता मुंग्यांचं सांगते. औषधाचा असर उतरायला लागला, की बधिर जागेत मुंग्या येतात. त्या आल्याचं पेशंटनं सांगितल्याशिवाय कुणाला घरी जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या दवाखान्याचा कायदा होता. पाटील असो, सेठ असो, एसटी सुटत असो. डॉक्टर स्वतः येऊन विचारायचे, "मुंग्या आल्या का?" आणि उत्तर 'नाही' असेल तर पेशंट बसलेला. मला ही जरा जास्तीच कटकट वाटायची. एकदा मी एका बाईला लवकर सोडलं, तिचं तान्हं घरी होतं. डॉक्टरांनी सायकल काढली आणि तिच्या मागे तिच्या घरापर्यंत गेले. परत आल्यावर चहा घेता घेता एकदाच काय ते सांगितलं. मी येण्याच्या आधी एका बाईचा हात कोपरापासून बधिर करून त्यांनी तिला बैलगाडीत बसवून दिलं होतं. ती घरी गेली, चूल पेटवली, भाकरी टाकली. हात विस्तवात गेलेला तिला कळलाच नाही. वास आला तेव्हा कळलं. तीन बोटं कायमची आखडली. "ती अजून मला डॉक्टरसाहेब म्हणते," ते म्हणाले, "तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं." मी पुन्हा कुणाला लवकर सोडलं नाही.

उस्मान मिस्त्री आला तो माझ्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास. कापसाच्या जिनात फिटर होता. गावातल्या जिनांमधलं कुठलंही यंत्र नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. आदल्या हंगामात त्याचा उजवा हात पट्ट्यात सापडला. जखम भरली, हाड जुळलं, पण हात जळायचा थांबला नाही. वारा लागला तरी जळायचा. बाहीचा स्पर्श झाला तरी जळायचा. म्हणून तो सबंध हाताला ओलं फडकं गुंडाळून हिंडायचा, डाव्या हातात पाण्याचा लोटा, फडकं सुकलं की पाणी ओतायचा. सोबत त्याची बायको, जुलेखाभाभी, बुरख्याआड रडत होती. तो मात्र रडत नव्हता. त्यानं खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. यवतमाळच्या मोठ्या इस्पितळाचा कागद होता. हात कापून टाकायचं ठरलं होतं, आणि ते त्यानं स्वतःच मागून घेतलं होतं.

"मले हा हात नको, साब," तो म्हणाला. "ही मानत नाई म्हणून तुमच्याकडं आलो. तुमी इले समजावून सांगा."

डॉक्टरांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि सरळ आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला. होळीपर्यंत हा कागद माझ्याजवळ राहील, म्हणाले. तोवर मला प्रयत्न करू दे. होळीला मागितलास तर एक शब्द न बोलता देईन. उस्मान मिस्त्रीनं बायकोकडे बघितलं आणि मान हलवली.

हात लावू देत नव्हता तो. एका बोटानं दाखव म्हटलं, तर बोट हाताजवळ न्यायचा आणि टेकवायचाच नाही, वरच्या वर दाखवायचा. त्या दिवशी डॉक्टरांना अर्धा तास लागला. दंडाच्या आतल्या बाजूनं सुरुवात करून ते वणाकडे सरकत गेले. थेंब थेंब देत, प्रत्येक थेंबाला "आई गं" म्हणत. मग आम्ही थांबलो. उस्मान मिस्त्री डोळे मिटून बसला होता. हळूहळू त्याचा जबडा सैल झाला. मग त्यानं डाव्या हातानं स्वतःच ते ओलं फडकं सोडलं आणि बाकाच्या पाठीवर टाकलं. आणि बसल्या बसल्या झोपला. जुलेखाभाभी म्हणाली, वर्षभरात हे असे झोपलेले मी पाहिले नाहीत. डॉक्टरांनी बाकीचे पेशंट माझ्यावर सोपवले आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. कामाला लावायचा त्यांचा नियम त्यांनी तेवढ्या दिवसापुरता मोडला.

दीड तासानं मुंग्या आल्या, आणि मुंग्यांच्या मागोमाग आग आली. तेव्हा मात्र तो रडला.

एक दिवसाआड सुरू झालं. अडचण अशी, की आराम दोन तासांपुढे सरकेना, आणि डॉक्टरांच्या मते याचं कारण एकच होतं. बधिर असतानाही तो हात वापरत नव्हता. मांडीवर तसाच ठेवायचा, दुसऱ्याचा असल्यासारखा. कानस दिली, घेतली नाही. पाना दिला, नट दिले, जात्याचा खुंटासुद्धा धरायला सांगितला. हात पुढे यायचाच नाही. भीती बसली होती. डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला होता. मला म्हणाले, याच्या हाताला हवं असलेलं काम मला सापडत नाही.

ते सापडलं ते आमच्या गरिबीमुळे. तेव्हा सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. महिन्याभरात त्यांची टोकं बोथट व्हायची, बारीक आकडा यायचा. मी एका गुळगुळीत दगडावर घासायचे, पण ते काम मला कधीच नीट जमलं नाही. एका दिवशी डॉक्टरांनी उस्मान मिस्त्रीला त्या खेपेची शेवटची टोचणी दिली आणि तो चांगलाच कळवळला. "साब, हे सुई आहे का खिळा?" म्हणाला, आणि उठून ट्रेमधली सुई त्यानं उचलली, उजेडाकडे धरली, टोक बघितलं. "कोणी घासली ही?" माझ्याकडे बघून त्यानं जीभ चावली. "सिस्टरबाई, दगड द्या इकडं."

सुई त्याच्या उजव्या हातात होती. त्याला ते कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या कोपराला हळूच धक्का दिला, काही बोलू नका म्हणून. मी दगड दिला, तेल दिलं. तो व्हरांड्यात पायरीवर बसला आणि दोन बोटांत सुई धरून तिचं टोक घासू लागला, अगदी हलकं, एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं. पाच सुया झाल्यावर त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तो थांबला. मग सहावी घेतली.

तिथून आराम वाढत गेला. दोन तासांचे चार झाले, चाराचा दिवस झाला. संक्रांतीपर्यंत दीड-दोन दिवस फडकं न लावता जायला लागले. आमच्या सुया अशा झाल्या, की सक्रूबाई म्हणाली, आज टोचलं का नुस्तं हात फिरवला. बाकीच्या पेशंटनाही त्याचा फायदा होता, म्हणून तो आला की लोक सरकून त्याला पायरीवर सावलीची जागा करून द्यायचे.

आणि मग ऐन माघात थंडी उलटून आली आणि सगळं मुसळ केरात गेलं. आग परतली, आधीपेक्षा जास्त. चार खेपा टोचून तासभराच्या वर आराम मिळेना. होळी आठवड्यावर आली होती. एका सकाळी उस्मान मिस्त्री एकटाच आला, हाताला ओलं फडकं, डाव्या हातात लोटा. बायकोला सांगून आला नव्हता, हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"साब, कागद द्या."

डॉक्टरांनी दिलेला शब्द पाळला. ड्रॉवर उघडला, कागद काढला, त्याच्यापुढे ठेवला. "हात तुझा आहे, उस्मान," एवढंच म्हणाले. "आजची सुई घेऊन जा. गाडीत धक्के लागतील." त्यानं टोचून घेतलं, कागद घेतला आणि मुंग्या येईपर्यंत थांबायचा कायदा म्हणून व्हरांड्यात जाऊन बसला. यवतमाळची गाडी सुटायला तास होता.

डॉक्टर आत माझ्यापाशी आले. मी सिरिंज धूत होते. म्हणाले, "सुमनबाई, मी त्याला चार महिने जास्तीचं जाळलं असेल का हो?" या माणसाला स्वतःबद्दल शंका घेताना मी तोवर पाहिलं नव्हतं.  बोथट सुयांचा ट्रे होता, तो मी बाहेर नेऊन पायरीवर ठेवला. खरं सांगायचं तर सवयीनं ठेवला. पुढे लोक म्हणायचे सिस्टरबाईंनी मुद्दाम ठेवला, मीही ते कधी नाकारलं नाही, पण आता या वयात खोटं कशाला बोलू.

पेशंटची रांग होती. तासभर माझं बाहेर लक्षच गेलं नाही. यवतमाळच्या गाडीचा हॉर्न स्टँडवरून ऐकू आला तेव्हा डॉक्टर हातातलं काम टाकून बाहेर गेले, मी त्यांच्या मागे. उस्मान मिस्त्री पायरीवर बसला होता. फडकं बाकाच्या पाठीवर वाळत होतं. मांडीवर तो इस्पितळाचा कागद पसरलेला होता, आणि घासलेल्या सुईचं टोक नीट आलं का, हे बघायला तो प्रत्येक सुई त्या कागदात टोचून बघत होता.

"गाडी गेली तुझी," डॉक्टर म्हणाले.

त्यानं वर बघितलं नाही. "सात सुया राह्यल्या अजून," म्हणाला.

"मुंग्या आल्या का?"

"त्या कवाच आल्या, साब. आगही आली. करून राह्यलो तसंच."

सातही सुया संपवून तो उठला, ट्रे माझ्या हातात दिला आणि कागद डॉक्टरांच्या हातात. कागदाची पार चाळण झाली होती. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून बघितला, त्यांच्या चेहऱ्यावर उजेडाचे बारीक बारीक ठिपके पडले. मग त्यांनी तो होता तसा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मी आत जाऊन दार लावलं आणि थोडा वेळ रडून घेतलं.

हात पूर्ण बरा झाला, असं मी म्हणणार नाही. सगळेच बरे व्हायचे असंही नाही. काहींना औषध लागूच पडायचं नाही, आणि डॉक्टर तसं तोंडावर सांगायचे. उस्मान मिस्त्रीची आग हळूहळू विझत गेली, निखारा मात्र राहिला. आठवड्याची सुई महिन्यावर गेली, मग वर्षातून दोनदा. पुढच्या हंगामात तो जिनात परत कामाला लागला. सुट्टीच्या दिवशी येऊन आमच्या सुया घासून जायचा. लोटा त्यानं जुलेखाभाभीला देऊन टाकला आणि तिनं त्यात तुळशीसारखं काहीतरी लावलं होतं, सब्जा म्हणाली ती.

मी सहा-सात वर्षांची जुनी झाले तेव्हा डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. आधी बशीतला चहा सांडायला लागला, मग सही बिघडली. सुई धरली की टोक नाचायचं. त्यांनी तो विषय फारसा काढला नाही. एका सकाळी पेशंटच्या खांद्यावर ठिपके काढले, वाकडेतिकडे, आणि सिरिंज माझ्या हातात दिली. तेव्हापासून ते ठिपका काढायचे, मी टोचायचे आणि "आई गं" दोघंही म्हणायचो. एक सेठजी होते, गुडघ्यासाठी यायचे. आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतलेली त्यांना ठाऊक होती. आडनाव बदललं, धर्म बदलला, तरी त्यांच्या हिशेबी मी होते तीच होते. मी सिरिंज घेऊन पुढे झाले तसा त्यांनी गुडघा मागे घेतला. म्हणाले, डॉक्टरसाहेब, तुमच्याच हातानं द्या. डॉक्टरांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली आणि गुडघ्यावर धरली. सुई वीतभर जागेत इकडून तिकडे नाचत होती. "हो सेठजी, देतो की," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. सेठजींनी सुईकडे बघितलं, घाम पुसला आणि गुडघा मुकाट्यानं माझ्याकडे वळवला. पुढे तेही व्हरांड्यात बसून दळायला शिकले.

शेवटी मुलगी येऊन हट्टानं अमरावतीला घेऊन जायला निघाली. जातं त्यांनी त्या सुनेला दिलं, जिचं दुखणं बोटाला सापडत नव्हतं. आता तिला दोन मुलं होती. सक्रूबाई आली, गोंदलेला खांदा उघडा करून म्हणाली, "पाह्य, म्या तवाच सांगतलं होतं," आणि मग तोंडाला पदर लावून पायरीवर बसली.

स्टँडवर निम्मं गाव होतं. यवतमाळला जाऊन पुढची गाडी पकडायची होती. डॉक्टरांची लष्करातली लोखंडी पेटी टपावर चढवायची, तर हमालाला कुणी हात लावू देईना. उस्मान मिस्त्रीनं ती उचलून डोक्यावर घेतली, डाव्या हातानं तोलली आणि उजव्या हातानं शिडीचे गज धरत वर चढला. सगळे त्या हाताकडे बघत होते. तो हात कापायचा कागद त्याच पेटीत होता, हे डॉक्टरांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. पेटी मी भरली होती.

कंडक्टरनं घंटी दिली. डॉक्टर खिडकीशी बसले होते आणि त्यांचा हात खिडकीबाहेर होता, थरथरत. मी त्यांना नमस्कार केला. "सुमनबाई, ठिपके नीट काढत जा, माझ्यासारखे वाकडे नको," ते म्हणाले. तेवढ्यात उस्मान मिस्त्री टपावरून उतरला, खिडकीपाशी आला आणि त्यांचा हात त्यानं आपल्या उजव्या हातात घेतला. घट्ट धरला. थरथर थांबली. डॉक्टर त्या दोन हातांकडे बघत होते. सवयीनंच म्हणाले असतील, "मुंग्या आल्या का रे?"

"नाई आल्या अजून, साब," उस्मान मिस्त्री म्हणाला. "अन् मुंग्या आल्याबिगर कोणाले घरी जाऊ द्याचं नाई. तुमचाच कायदा हाय."

 इंजिन चालू होतं, पण ड्रायव्हरनं गाडी हलवली नाही. त्याचाही खांदा आमच्याच व्हरांड्यात सुटला होता. कंडक्टर एकदा घंटीच्या दोरीला हात घालून थांबला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग डॉक्टरांनी मान हलवली, आणि उस्मान मिस्त्रीनं एकेक बोट सोडत हात सोडला.

गाडी जिनाच्या भिंतीपाशी वळेपर्यंत तो हात मला खिडकीबाहेर दिसत होता. लोक पांगायला लागले. उस्मान मिस्त्री तिथेच उभा राहून आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता.

"आता आल्या, सिस्टरबाई," तो म्हणाला.